देश, माहेर आणि वतन : कांहीं शब्दांचा अभ्यास

दहावीची परीक्षा होऊन गेली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांची तहसील कचेरींत जा-ये सुरू होते. पुढील शिक्षणासाठीं त्यांस एक दाखला हवा असतो. त्याचें नांव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' असें लांबलचक आहे. मुलें तो दाखला घेतात, त्याच्या प्रती काढतात आणि पेटींत ठेवून देतात. त्याचें नांव मात्र कोणी नीट वाचीत नाहीं. वस्तुतः मनुष्याचें भूमीशीं नातें किती प्रकारें जडतें हें त्या नांवांतच आलेलें आहे. मनुष्य कोठें तरी जन्मतो, कोणत्या तरी राष्ट्राचा होतो आणि कोठें तरी राहतो. हीं तिन्ही नातीं एकाच ठिकाणीं जुळून आलीं आहेत अशीं माणसें उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या आमच्या तीन गांवांत थोडींच सांपडतील.

म्हणून यंदा स्वदेशवाचक शब्दांचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. व्युत्पत्ति पाठ करून गुण मिळतात हें खरें. परंतु आमचा हेतु तेवढाच नाहीं. 'तुझें मूळ गांव कोणतें?' हा प्रश्न आपल्या वर्गांत वरचेवर विचारला जातो. कोणी त्याचें उत्तर चटकन् देतो, कोणी खालीं पाहतो. खालीं पाहणाऱ्या मुलासाठीं भाषेनें कांहीं सोय करून ठेविली आहे काय, हें आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम 'देश' हा शब्द घेऊं. संस्कृतांत 'दिश्' ह्या धातूचा अर्थ दाखविणें असा आहे. दिशा, आदेश, उपदेश, उद्देश, निर्देश हे सर्व शब्द त्याच घराण्यांतले. तेव्हां देश म्हणजे मुळांत दाखविलेली जागा. तिच्या सीमा कोणत्या, तिच्यावर सत्ता कोणाची, ह्याचा त्यांत बोध नाहीं. मराठीनें हा जुना सैलपणा अद्यापि राखिला आहे. देशमुख आणि देशपांडे ह्या नांवांतला देश म्हणजे एक परगणा. 'देश आणि कोकण' अशी जोडी म्हटली म्हणजे सह्याद्रीवरील पठार तेवढें देश ठरतें. बदलापूरचा मनुष्य घाट चढून पुण्याकडे गेला कीं तो 'देशावर' गेला असें जुनीं माणसें म्हणत. आणि शाळेच्या अंगणांत रांगेनें उभे राहून आपण 'माझा देश' म्हणतों, तेव्हां काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी भूमि त्यांत येते. शब्द एकच, बोट कोणी, कोठें उभें राहून, कोणीकडे केलें, त्याप्रमाणें त्याचा विस्तार बदलतो.

आतां बोट दाखवावयाचें तें दूरच्या वस्तूकडे. आपल्या पायांखालची जमीन कोणी सहसा बोटानें दाखवीत नाहीं. ही साधी गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील शब्दाचें मर्म कळेल. तो शब्द 'माहेर'. संस्कृतांतील मातृगृह प्राकृतांत 'माइहर' झालें आणि मराठींत माहेर. त्याचप्रमाणें श्वशुरगृहाचें सासर झालें. आईचें घर एवढाच माहेर ह्याचा अक्षरार्थ. परंतु अविवाहित मुलीस माहेर नसतें, तिला घर असतें. ज्या दिवशीं ती तें सोडते त्याच दिवशीं त्या घराचें माहेर होतें. वारकरी संतांनीं पंढरीस माहेर म्हटलें तेंहि ह्याच भावानें. 'मायदेश' ह्या शब्दाची गति तीच आहे. घरीं बसलेला मनुष्य तो क्वचितच उच्चारतो. समुद्रापलीकडे गेलेला मनुष्य मात्र पत्राच्या पहिल्या ओळींत लिहितो. तात्पर्य, स्वदेशाचे पुष्कळसे शब्द वियोगांतून जन्मास येतात. ते उच्चारणारा बहुधा त्या ठिकाणापासून दूर असतो.

'गांव' हा शब्द 'ग्राम' ह्यापासून आला. वेदांच्या भाषेंत ग्राम म्हणजे माणसांचा जमाव. पुढें तो जमाव जेथें वसला त्या जागेस तेंच नांव मिळालें. अर्थात् गांव म्हणजे आधीं माणसें, मग घरें. मराठी माणूस आपलें गांव नांवांत बांधून बरोबर नेतो. चिपळूणचा तो चिपळूणकर, संगमनेरचा तो संगमनेरकर. ह्या रीतीचा एक मोठा हृदयंगम नमुना बेने इस्राएल समाजाचा आहे. कुलाबा, म्हणजे आतांचा रायगड, जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हे यहूदी लोक शेंकडों वर्षें राहिले, तेलाचे घाणे चालवीत, मराठी बोलत. त्यांचीं आडनांवें पेणकर, रोहेकर, किहीमकर अशीं आहेत. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुसंख्य कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं. पूर्वजांच्या पवित्र भूमींत ते पोहोंचले खरे, पण जातांना नांवाच्या गांठोडींत पेण, रोहें आणि किहीम घेऊन गेले.

ह्याच्या शेजारीं आपल्या सिंधी सोबत्यांचीं आडनांवें ठेवून पाहा. त्यांतील पुष्कळांचा शेवट 'आणी' किंवा 'आनी' असा होतो. आचार्य कृपलानी ह्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. अमक्या पूर्वजाचे वंशज असा त्या प्रत्ययाचा अर्थ आहे. मराठी आडनांव बहुधा गांव सांगतें, सिंधी आडनांव बहुधा आजा-पणजा सांगतें. १९४७ सालीं गांव सुटलें, पण पूर्वजाचें नांव सुटलें नाहीं. म्हणून सिंधी मुलास 'तुझें गांव?' असें विचारण्यापेक्षां 'तुम्ही कोणाचे?' असें विचारिलें तर तो अधिक मोकळेपणानें बोलूं लागतो, असा आमचा अनुभव आहे.

गांवांच्या नांवांविषयीं येथेंच एक गोष्ट सांगून ठेवितों. मराठ्यांच्या स्वाऱ्या सुरतेकडे जातां-येतां येथें घोडे बदलीत, म्हणून बदलापूर हें नांव पडलें, असें लोक सांगतात. अशा कथांस लोकव्युत्पत्ति म्हणतात. त्या प्रमाण म्हणून उत्तरपत्रिकेंत लिहावयाच्या नसतात. परंतु त्या टाकाऊहि नसतात. आपलें गांव म्हणजे वाटसराच्या थांबण्याचें ठिकाण, अशी कल्पना ज्या लोकांस आवडली, त्यांच्या दारीं वाटसरू परका कां ठरावा?

'परका' आणि 'परदेशी' हे शब्द मात्र जपून वापरावे लागतात. महाराष्ट्रांत उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या लोकांस पूर्वीं परदेशी म्हणत, आणि कित्येक घराण्यांचें तेंच आडनांव होऊन बसलें. परदेशी आडनांवाचीं कुटुंबें पिढ्यान्पिढ्या ह्या मातींत राहिलीं आहेत. नांव मात्र राहिलें तें राहिलेंच. ह्याहून चमत्कारिक गोष्ट 'विलायत' ह्या शब्दाची आहे. अरबींत त्याचा अर्थ अंमल किंवा अंमलाखालचा प्रांत. हिंदुस्थानांत विलायत म्हणजे इंग्लंड झालें, आणि विलायती म्हणजे परदेशी माल. हाच 'विलायती' शब्द येथील गोऱ्या शिपायांनीं ऐकिला, आपल्या उच्चाराप्रमाणें त्याचें 'ब्लायटी' केलें, आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत खंदकांत बसून ते 'ब्लायटी' म्हणूं लागले तें 'आपलें घर' ह्या अर्थानें! ज्या शब्दानें आम्ही परका देश दाखवीत होतों, त्याच शब्दानें दुसरा कोणी डोळे पुसून आपली आई आठवीत होता.

आम्हां ख्रिस्ती लोकांस 'तुमचा धर्म विलायती' असें अधूनमधून ऐकावें लागतें. त्यावर वाद घालण्यापेक्षां रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें चरित्र वाचावें. ते १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मले आणि १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत त्यांनीं ख्रिस्ताची भक्ति अभंगांत आणि कीर्तनांत गाइली, आणि स्वदेशावरील प्रेमाच्या कविताहि लिहिल्या. उपासनेची दिशा आणि प्रेमाची भूमि ह्यांत त्यांस विरोध दिसला नाहीं.

आतां सत्तेच्या शब्दांकडे वळूं. 'राष्ट्र' हा शब्द 'राज्' धातूचा. राजा आणि राज्य हे त्याचे भाऊ. 'मुलूख' हा अरबी 'मुल्क', आणि त्याचा सोयरा 'मालक'. राष्ट्र म्हणजे जेथें राज्य चालतें तें, मुलूख म्हणजे ज्यावर मालकी आहे तो. हे शब्द नकाशाचे आहेत. आणि नकाशा कागदावर असल्यामुळें तो फाटूंहि शकतो. ह्याउलट 'इलाखा' हा शब्द मोठा गोड आहे. अरबींत त्याचा मूळ अर्थ संबंध, नातें असा आहे. पूर्वीं आपल्या भागास मुंबई इलाखा म्हणत. इंग्रजांनीं १८४३ सालीं सिंध जिंकला, पुढें तो मुंबई इलाख्यास जोडिला, आणि १ एप्रिल १९३६ रोजीं तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षें कराची आणि कल्याण एकाच इलाख्यांत होतीं. सिंधी लोक येथें आले ते अगदींच अनोळखी मुलखांत आले असें नव्हे. जुन्या नात्यांत आले.

शिवाय आपल्या देशाचें नांवच पाहा. सिंधु म्हणजे नदी. इराणी लोकांच्या तोंडीं सकाराचा हकार होऊन त्याचें हिंदु झालें, ग्रीकांनीं हकार गाळून इंडस केलें, आणि त्यावरून हिंदुस्थान व इंडिया हीं नांवें जगभर गेलीं. ज्या भूमीवरून सगळ्या देशास नांव मिळालें तीच भूमि सिंधी मनुष्यास सोडावी लागली. सिंध प्रांत पाकिस्तानांत गेला. राष्ट्रगीतांतील 'सिंध' हा शब्द मात्र आहे तेथेंच आहे. १९६७ सालीं सिंधी भाषेस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें. प्रांत नाहीं, पण भाषा आहे, अशी ही स्थिति आहे.

ह्या सर्व शब्दांत आम्हांस अधिक विचार करावयास लावणारा शब्द 'वतन' हा होय. अरबींत त्याच्या धातूचा अर्थ फक्त राहणें, वस्ती करणें असा आहे. जन्म नाहीं, मालकी नाहीं, राज्य नाहीं, केवळ राहणें. परंतु ह्या एकाच शब्दाचीं दोन भाषांत दोन निरनिराळीं नशिबें झालीं.

सिंधींत वतन म्हणजे स्वदेश. शाह अब्दुल लतीफ (१६८९-१७५२) ह्या सिंधच्या थोर कवीनें मारुईची कथा गाइली आहे. थरच्या वाळवंटांतील मलीर येथील ह्या गरीब मुलीस उमरकोटच्या राजानें पळवून नेलें आणि महाल व रेशमी वस्त्रें देऊं केलीं. तिनें आपली जाडीभरडी कांबळ टाकिली नाहीं आणि गांवच्या माणसांचा ध्यास सोडिला नाहीं. उल्हासनगरांतील आज्यांस ही कथा कोणी शिकवावी लागत नाहीं.

मराठींत मात्र वतन म्हणजे वंशपरंपरेचा हक्क आणि त्याबरोबर येणारें काम. पाटलाचें वतन, कुळकर्ण्याचें वतन मानाचें होतें. महारवतन हें नांवापुरतें वतन; थोड्या जमिनीच्या बदल्यांत सरकारी निरोप पोहोंचविणें, सीमा राखणें, मेलेलीं जनावरें ओढणें, हीं कामें रात्रंदिवस करावयाचीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत ह्याविरुद्ध विधेयक मांडिलें. हीं कनिष्ठ वतनें कायद्यानें रद्द व्हावयास १९५८ साल उजाडलें. आमच्या ख्रिस्ती मंडळींतील कित्येक घराणीं ह्याच वतनांतून बाहेर पडलेलीं आहेत. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकीं एकाचा आजा वतन सुटलें म्हणून रडला, आणि दुसऱ्याच्या आजास वतन सुटलें तेव्हां मोकळा श्वास मिळाला. दोघांचेंहि खरें आहे. 'मूळ गांव' ह्या शब्दानें प्रत्येकाच्या मनांत गोडच आठवण जागी होते, असें धरून चालतां येत नाहीं, हा धडा आम्हीं ह्या एका शब्दापासून घेतला.

'राहणें' ह्याच अर्थाचा संस्कृत धातु 'वस्'. वास, निवास, वस्ती, वसतिगृह हे शब्द त्याचे. घर सोडून दूर राहणें म्हणजे प्रवास. वस्तींतून बाहेर काढिलेला तो निर्वासित. मूळचा राहणारा तो आदिवासी. हे दोन्ही शब्द आपल्या तीन गांवांच्या इतिहासांत समोरासमोर उभे आहेत.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारों कुटुंबांस तिच्या बराकींत ठेवण्यांत आलें. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनीं नगराची कोनशिला बसविली, आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. आलेल्या लोकांस कोणी निर्वासित म्हणे, कोणी शरणार्थी म्हणजे आश्रय मागणारा म्हणे. त्यांतील स्वाभिमानी लोकांनीं सांगितलें कीं आम्हांस 'पुरुषार्थी' म्हणा, कारण आम्ही आपल्या हातांनीं कमावून खातों. छावणीचीं चिन्हें शब्दांत राहिलीं. अजूनहि लोक पत्त्यांत कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पांच असें लिहितात. इंग्रजी 'कॅम्प' लॅटिन 'काम्पुस्' ह्यापासून आला, त्याचा अर्थ मैदान. मैदानावर दुकानें, कारखाने, दरबार, शाळा उभ्या राहिल्या. तात्पुरत्या मुक्कामाचा शब्द कायमचा पत्ता होऊन बसला.

आणि बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या कुशींत ठाकूर आणि कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी; त्याचें नांव धंद्यावरून पडलें. त्याला मायदेश असा शब्द लागत नाहीं, कारण तो कोठून आला नाहीं. तरीहि वीटभट्टीच्या कामासाठीं वर्षांतील कित्येक महिने त्यास घर सोडून जावें लागतें, आणि पायांखालची जमीन आपली असल्याचा कागद पुष्कळदां त्याच्याजवळ नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासींच्या ताब्यांत आहे तिच्यावरील त्यांचा हक्क मान्य केला, आणि पुराव्यांत गांवांतील वडीलधाऱ्यांची साक्षहि चालेल असें नियमांत ठेविलें. येथेंहि कायद्यानें शेवटीं विचारिलें तें हेंच : कोण राहत होतें?

आपल्या दाखल्यावरील 'अधिवास' हा शब्दहि 'वस्' धातूचाच आहे. त्यासाठीं महाराष्ट्रांत सामान्यतः पंधरा वर्षांचें वास्तव्य दाखवावें लागतें. पणजोबा कोठला हें कोणी विचारीत नाहीं.

पवित्र शास्त्रांत हा विषय आरंभींच आला आहे. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायांत देव अब्राहामास निघावयास सांगतो, तेव्हां मूळ इब्री भाषेंत तीन शब्द एकापुढें एक आले आहेत : 'एरेत्स' म्हणजे भूमि, 'मोलेदेत' म्हणजे जन्माचें स्थळ किंवा गोत, आणि 'बेथ-आब' म्हणजे बापाचें घर. प्रत्येक शब्द अधिक जवळचा, प्रत्येक सोडावयास अधिक कठीण. मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) ह्यांस ह्या तीन शब्दांचा भार स्वतःच्या अनुभवानें ठाऊक असला पाहिजे. त्या अरण्यांतील आश्रमांत जन्मल्या, आणि आईबापांबरोबर तीर्थयात्रेंत वाढल्या. त्यांस सांगण्यासारखें मूळ गांव नव्हतें. त्यांनीं केडगांव येथें निराधार स्त्रियांसाठीं मुक्तिसदन वसविलें, आणि आज त्यांचें गांव कोणतें असें विचारिलें तर लोक केडगांवच सांगतात.

बाबेलांत नेलेल्या यहूदी लोकांस यिर्मया संदेष्ट्यानें पाठविलेलें पत्र एकोणतिसाव्या अध्यायांत आहे. परत जाल असें तो त्यांस सांगतो. पण तोंवर रडत बसूं नका, घरें बांधा, मळे लावा, ज्या नगरांत आहां त्याचें कल्याण चिंता, असाहि त्याचा उपदेश आहे. त्या पत्रांत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. उल्हासनगरास नांव मिळून त्याहून अधिक वर्षें झालीं. घरें बांधून झालीं. नगराचें कल्याण चिंतिण्याचें काम संपलेलें नाहीं. आपली उल्हास नदी कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्यानें किती मळली आहे हें आपण रोज गाडींतून पाहतों. जिच्या नांवानें आपण राहतों तिचें पाणी स्वच्छ ठेवणें हें अधिवासाचें पहिलें कर्तव्य आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, ह्या शब्दांचे दोन वर्ग मनांत पक्के करा. देश, माहेर, मायदेश हे बोट दाखविणारे शब्द आहेत; त्यांत स्मरण आहे. वतन, वस्ती, अधिवास हे राहण्याचे शब्द आहेत; त्यांत कर्तव्य आहे. एका मनुष्याचें स्मरण एका ठिकाणीं आणि वास दुसऱ्या ठिकाणीं असूं शकतो. त्यामुळें तो अर्धा ठरत नाहीं. स्मरण पुसून टाक असें त्यास सांगणें जितकें निर्दय, तितकेंच 'तूं येथला नव्हेस' असें म्हणणें असत्य आहे.

सुटींत एवढा अभ्यास करावा. घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्याजवळ बसून, जेथून तुमचें कुटुंब आलें त्या ठिकाणास तें कोणत्या शब्दानें संबोधितें हें विचारावें : गांव, देस, मुलूख, वतन, नाडु, ऊर, जो असेल तो. तो शब्द त्याच्या भाषेंत वहीच्या डाव्या पानावर लिहावा. उजव्या पानावर आज राहतां त्या गल्लीचें, वाडीचें किंवा कॅम्पचें नांव लिहावें, आणि तिच्यासाठीं तुम्ही काय करतां तें लिहावें. डावें पान वडिलांनीं भरून दिलेलें आहे. उजवें तुम्हांलाच भरावयाचें आहे.